बँड मोडू घातलेल्या एका मित्रास

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेली तीन गाणी मिळाली. पत्र उघडण्याआधी मी गाणी ऐकली, हे बरेच झाले. कारण पत्र आधी वाचले असते तर गाण्यांत मला तुमच्या भांडणाखेरीज दुसरे काही ऐकूच आले नसते. चौघांपैकी दोघे बाहेर पडत आहेत, दौरा तीन आठवड्यांवर आला आहे आणि बँडचे नाव कोणाकडे राहावे या मुद्द्यावर बोलणी थांबली आहेत, असे तू लिहितोस आणि आता काय करावे असे विचारतोस. मीही तरुणपणी एका वाद्यवृंदात होतो आणि तो मोडला तेव्हा सामानाच्या पेटाऱ्यांवर रंगवलेले नाव खरवडून काढण्याचे काम माझ्याकडे आले होते. पण त्या अनुभवातून तुला देण्याजोगे फारसे काही नाही, कारण आमच्यातले सगळेच हट्टाला पेटले आणि सगळेच विसरले गेले. त्यापेक्षा, नेमक्या तुझ्याच जागी उभ्या राहिलेल्या एका बँडची हकीकत तुझ्यापुढे ठेवतो. शेफील्डच्या 'ह्यूमन लीग'ची गाणी तू ऐकलेली आहेस. त्या गाण्यांमागे काय घडले ते बहुधा तुझ्या कानावर आलेले नाही.

शेफील्ड हे इंग्लंडमधले पोलादाचे शहर. तेथे १९७७ साली मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श या, दिवसा कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून नोकरी करणाऱ्या, दोन तरुणांनी सिंथेसायझरवर, म्हणजे विजेच्या साहाय्याने आवाज तयार करणाऱ्या वाद्यावर, बँड उभा केला. गिटार नको आणि ड्रमही नकोत, असा त्यांचा जवळजवळ व्रतासारखा नियम होता. गायक सोडून गेला तेव्हा वेअरने आपल्या शाळासोबत्याच्या, म्हणजे फिलिप ओकीच्या, दारावर चिठ्ठी लावून त्याला गाण्याचे आमंत्रण दिले. ओकी तेव्हा एका रुग्णालयात पोर्टरचे काम करत होता आणि त्याने आधी कधी कोणत्या बँडमध्ये गायलेले नव्हते. १९७८ च्या जूनमध्ये एडिंबरोच्या 'फास्ट प्रॉडक्ट' या छोट्या कंपनीने त्यांची पहिली तबकडी (अल्बम नव्हे, सुट्या गाण्याची) 'बीइंग बॉइल्ड' काढली. घरगुती टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलेल्या त्या गाण्याला अडीच पौंड खर्च आला, असे सांगितले जाते. बुद्धाच्या वाणीचा हवाला देऊन रेशीमकिड्यांची बाजू मांडणारे ते गाणे आपल्याकडच्या कानांना थोडे गमतीचे वाटते, पण त्यातला तो जड, घोगरा बेस आजही ताजा आहे. चौथा सदस्य एड्रियन राइट काहीच वाजवत नसे. तो गाणी चालू असताना पडद्यावर स्लाइड दाखवत असे आणि तरीही बँडमध्ये बरोबरीचा मानला जाई. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेव. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

'व्हर्जिन' कंपनीने १९७९ मध्ये त्यांना करारबद्ध केले आणि पुढची दीड वर्षे कष्टाची गेली. कंपनीच्या आग्रहाखातर त्यांनी नेहमीची वाद्ये आणि स्त्रियांचे आवाज घेऊन एक डिस्को गाणे केले, पण आपल्या नियमाला बट्टा लागू नये म्हणून ते 'द मेन' अशा टोपणनावाने काढले. ते चालले नाही. त्याच उन्हाळ्यात गॅरी न्यूमनचा 'ट्यूबवे आर्मी' हा बँड सिंथेसायझरच्याच जोरावर ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. ज्यांनी वाट तोडली ते मागे आणि मागून आलेला पुढे, हे शल्य किती बोचते ते तुला सांगायला नको. दुसरा अल्बम 'ट्रॅव्हलॉग' १९८० मध्ये सोळाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला, परंतु तोवर कंपनीचे कर्ज वाढले होते आणि वेअर व ओकी यांचे पटेनासे झाले होते.

युरोपच्या दौऱ्याला जेमतेम दोन आठवडे उरले असताना बँड फुटला. ज्यांनी बँड स्थापन केला आणि ज्यांना वाद्ये येत होती, ते वेअर आणि मार्श बाहेर पडले. ज्याला वाजवता येत नव्हते तो गायक आणि जो वाजवतच नव्हता तो स्लाइडवाला, असे दोघे नाव धरून मागे राहिले. नावासोबत त्यांच्या गळ्यात काय पडले ते नीट वाच, कारण तुमच्या बोलण्यांत याचा उल्लेख मला कुठेही दिसला नाही. व्हर्जिनचे कर्ज, कराराप्रमाणे द्यायचे राहिलेले अल्बम आणि ठरलेल्या दौऱ्याची जबाबदारी हे सगळे नावाबरोबर आले. उलट बाहेर पडणाऱ्या दोघांना ह्यूमन लीगच्या पुढच्या अल्बमच्या रॉयल्टीतला एक टक्का मिळेल, असे ठरले. त्या वेळी हा एक टक्का म्हणजे तोंडाला पाने पुसण्याचा प्रकार वाटला असेल. पुढचा अल्बम कोणता निघाला हे पाहिल्यावर तो आकडा वेगळा दिसू लागतो.

ओकीने या अडचणीत जे केले ते शहाणपणाचे होते असे त्या वेळी कोणी म्हटले नसते. तो शेफील्डच्या 'क्रेझी डेझी' नाइटक्लबमध्ये गेला, तेथे नाचणाऱ्या सुझन सली आणि जोॲन कॅथरॉल या दोन मैत्रिणी त्याला दिसल्या, आणि त्याने त्यांना दौऱ्यावर येण्याविषयी विचारले. एक सतरा वर्षांची, दुसरी अठरा. दोघी शाळेत शिकणाऱ्या, दोघींना व्यावसायिक गाण्याचा कसलाही अनुभव नाही. घरच्यांची परवानगी मिळवून त्यांना नेण्यात आले. कीबोर्डसाठी इयन बर्डन या वादकाला मोबदल्यावर घेतले. वर्तमानपत्रांनी या नव्या संचाची टवाळी केली आणि जुन्या बँडच्या चाहत्यांनी त्या मुलींना उघडउघड नावे ठेवली. पुढे माणसे आली आणि गेली, पण आज, चाळीसहून अधिक वर्षांनी, ओकीसोबत रंगमंचावर उभ्या राहतात त्या याच दोघी.

आता मार्टिन रशेंटविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण हे पत्र मुख्यतः त्याची हकीकत सांगण्यासाठी आहे. दौरा कसाबसा पार पडला, १९८१ च्या आरंभी निघालेली तबकडी यादीच्या तळाशी राहिली आणि व्हर्जिनने निर्माता म्हणून रशेंटला आणले. 'बझकॉक्स' आणि 'स्ट्रँगलर्स' यांसारख्या गिटारवाल्या बँडची ध्वनिमुद्रणे त्याने केलेली होती. शेफील्डच्या ज्या स्टुडिओत काम सुरू झाले होते तो वेअर-मार्शच्या नव्या 'हेवन १७' बँडबरोबर वाटून वापरावा लागे. रशेंटने सर्वांना बर्कशरमधल्या आपल्या 'जेनेटिक' स्टुडिओत हलवले. तेथे रॉजर लिनने बनवलेले एलएम-१ हे यंत्र होते. खऱ्या ड्रमचे आवाज चिपवर साठवून ते हव्या त्या क्रमाने वाजवणारे हे पहिलेच ड्रम-यंत्र, आणि त्याची किंमत सुमारे ५ हजार डॉलर होती. त्याच्या जोडीला रोलँड कंपनीचे एमसी-८ हे सुरांचा क्रम वाजवणारे यंत्र होते, ज्यात प्रत्येक सूर आकड्यांनी भरावा लागे. 'रेझिलोज'चा गिटारवादक जो कॅलिस बँडमध्ये आला, त्याच्याही हाती कीबोर्ड देण्यात आला. म्हणजे गिटार न वापरण्याचा नियम टिकला, पण त्या नियमात चांगली चाल बसवू शकणारी माणसे आता आत आली होती. तुमच्या गाण्यांत मला याच्या उलटे जाणवले: नियम पुष्कळ आहेत आणि चाल क्वचित.

'डेअर' हा अल्बम १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये निघाला आणि पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातून आधीच तीन तबकड्या यशस्वी झालेल्या असताना कंपनीला चौथी काढायची होती आणि तिची निवड होती अल्बमचे शेवटचे गाणे, 'डोन्ट यू वाँट मी'. ओकीचा याला ठाम विरोध होता. त्या गाण्याचे अखेरचे मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवण्याचे काम, रशेंट आणि कॅलिस यांनी केले होते, ते ओकीला फार गुळगुळीत वाटले. म्हणूनच गाणे अल्बमच्या शेपटाला गेले होते. ग्राहकाला फसवल्यासारखे होऊ नये म्हणून तबकडीसोबत मोठे रंगीत पोस्टर फुकट द्यावे, अशी अट घालून त्याने अखेर संमती दिली. ते गाणे ब्रिटनमध्ये नाताळात पहिल्या क्रमांकावर होते आणि पाच आठवडे तेथे राहिले. १९८२ च्या जुलैमध्ये ते अमेरिकेतही पहिले आले, ज्यात नुकत्याच सुरू झालेल्या एमटीव्ही या संगीतवाहिनीचा आणि स्टीव्ह बॅरनने केलेल्या चित्रफितीचा मोठा वाटा होता. एकट्या ब्रिटनमध्ये त्याच्या १५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. आपले सर्वांत चांगले काम कोणते हे ते करणाऱ्यालाच कळते, या समजुतीवर मी तरुणपणी पुष्कळ वाद घातले आहेत. हे गाणे ऐकल्यापासून घालत नाही.

त्याच जुलैमध्ये रशेंटने 'डेअर'मधल्याच गाण्यांची टेप कापून, जोडून, आवाज गाळून आणि प्रतिध्वनी वाढवून 'लव्ह अँड डान्सिंग' नावाचा एक पुनर्मिश्रित अल्बम काढला. त्यात गाणे जवळजवळ नाहीच, आहे ती मिक्सिंगच्या टेबलामागे बसलेल्या माणसाची कारागिरी. आणि तरी तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. बँडचा आवाज कोण घडवतो याचा याहून स्पष्ट हिशेब कोणी कोणापुढे ठेवू शकत नाही. माझ्या मते या बँडची घसरण येथून सुरू होते, अमेरिकेत पहिला क्रमांक मिळाला त्याच महिन्यात, कारण त्या हिशेबाकडे कोणी पाहिले नाही.

पुढच्या दोन तबकड्या दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेल्या म्हणून वरवर सर्व ठीक दिसत होते. आत मात्र नव्या अल्बमचे काम रखडले, स्टुडिओत खटके उडू लागले आणि रशेंट काम अर्धवट सोडून निघून गेला. त्याच्या जागी ख्रिस थॉमस आला, तोही थकला, मग ह्यू पॅडगमने ते काम तडीस नेले. 'डेअर'नंतर अडीच वर्षांहून अधिक काळाने, १९८४ च्या मे महिन्यात अल्बम निघाला, आणि तो करतानाच्या ताणावरून त्याचे नाव 'हिस्टेरिया' ठेवले गेले. त्यातल्या पहिल्या तबकडीत चक्क गिटार होती. दरम्यान १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर आणि यंत्रे एकमेकांना जोडणारी मिडी पद्धत बाजारात आली होती, त्यामुळे ज्या आवाजासाठी पूर्वी रशेंटसारख्याचा स्टुडिओ लागत असे तो कोणाच्याही आवाक्यात येऊ लागला होता. इतरांनी तेवढ्या अवधीत दोन-दोन अल्बम काढले. माझा याविषयी आग्रह असा आहे की आवाज शिळा झाला म्हणून बँड पडला, हे म्हणणे आळशी आहे. आवाज घडवणारा माणूस गेला आणि त्याच्यासोबत काय गेले हे उरलेल्यांना नीट ओळखता आले नाही.

(यंत्रांची भीती तेव्हा सर्वत्र होती. ब्रिटनच्या वादकसंघटनेच्या मध्य लंडन शाखेने १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम-यंत्रांवर बंदीची मागणी करणारा ठराव केला होता. त्याच वर्षी आपल्या मुंबईत चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतातले वादक रोलँडच्या तीन यंत्रांवर राग वाजवून ध्वनिमुद्रिका काढत होते आणि तिच्याकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. हे विषयांतर झाले. पण तू ती ऐकावीस.)

उरलेला भाग थोडक्यात सांगतो, कारण तो ऐकायला दुःखद असला तरी त्यात नवे काही नाही. १९८६ मध्ये कंपनीने बँडला मिनियापोलिस येथे जिमी जॅम आणि टेरी लुइस या निर्मात्यांकडे पाठवले. त्या दोघांनीच लिहिलेले 'ह्यूमन' हे गाणे अमेरिकेत पहिले आले, परंतु अल्बमवर आपला ताबा उरलेला नाही हे पाहून बँड काम संपण्याआधीच घरी परतला. कॅलिस आधीच गेला होता; मग स्लाइडवाला राइट आणि बर्डन हेही गेले. १९९० चा अल्बम चालला नाही आणि १९९२ मध्ये व्हर्जिनने करार संपवला. १९९५ मध्ये 'टेल मी व्हेन'ने त्यांना पुन्हा सहाव्या क्रमांकावर आणले आणि त्यानंतर ओकी आणि त्या दोघी मुख्यतः रंगमंचावर जगत आले. बाहेर पडलेल्या वेअरचेही बरे चालले: 'हेवन १७'चे 'टेम्प्टेशन' १९८३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेले आणि त्याच वर्षी गायिका टीना टर्नरला पुन्हा यशाकडे आणणाऱ्या गाण्याच्या निर्मितीत तो होता.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. नाव हवे असेल तर घे, पण त्याच्यासोबत येणारे देणे, ठरलेले कार्यक्रम आणि घेतलेले आगाऊ पैसे यांची यादी आधी कागदावर कर आणि तिच्यावर चौघांच्या सह्या घे. जाणाऱ्या दोघांना पुढच्या अल्बमचा काही टक्के वाटा दे, तो तुला आज जास्त वाटला तरीही, आणि आकडा लिहून दे. दौरा रद्द करू नकोस. रिकाम्या जागी आणलेली माणसे कच्ची असतील तर असू देत.

आणखी एक गोष्ट राहिली. तुझ्या पत्रात चौघांची नावे आहेत आणि पोस्टरच्या फोटोतही तुम्ही चौघेच आहात. तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी ठेका एकदम काढून घेतला आहे आणि फक्त श्वास उरला आहे, ती जागा तुमच्यापैकी कोणाची नाही, हे मला पहिल्या दोन गाण्यांवरून कळते. पत्राच्या शेवटी तू ओझरते लिहिले आहेस की मिक्सिंग कोणाच्या तरी बहिणीने घरी केले. येत्या रविवारी सकाळी दहाच्या आत माझ्याकडे ये, ते गाणे तिने हात लावण्यापूर्वीच्या स्वरूपातही सोबत आण, आणि तिला वेळ असेल तर तिलाही घेऊन ये. नाव कोणाकडे राहावे हे आपण दोन्ही ऐकल्यानंतर बोलू.

तुझा,
एक जुना वादक