चेक इंजिन लाईट घालवली की आठवड्यात परत येते, गॅरेजवाला दोन्ही ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटलिटिक कन्व्हर्टर बदला म्हणतोय, काय करू?

कन्व्हर्टरला (धुरातले विषारी वायू कमी करणारा सायलेन्सरच्या लाईनीतला डबा) आत्ता अजिबात हात लावू देऊ नका. तो या सगळ्यातला सगळ्यात महाग पार्ट आहे आणि तुम्ही लिहिलंय त्यात कोड (बिघाड ओळखायला गाडीचा कॉम्प्युटर देतो तो नंबर) कुठला आलाय हेच नाहीये. गॅरेजवाल्याने दर वेळी कोड घालवला म्हणजे लाईट विझवली फक्त, बिघाड तिथेच राहिला, आणि कोड पुसला की ईसीयूने (म्हणजे त्याच कॉम्प्युटरने) बिघाडाच्या क्षणाचं जे रेकॉर्ड ठेवलेलं असतं (इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, स्पीड किती) तेही पुसलं जातं. म्हणून पुढच्या वेळी पुसायच्या आधी स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढा, नाहीतर स्वतः ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीला जोडून कोड वाचायचं यंत्र) घ्या, स्वस्तात मिळतो आणि मोबाईलवर चालतो.

मी गाड्यांचंच काम करतो, त्यामुळे हे रोज बघतो. तुमच्या गाडीला सायलेन्सरच्या लाईनीत धुरातला ऑक्सिजन मोजणारे दोन सेन्सर आहेत, एक कन्व्हर्टरच्या आधी, एक नंतर. दोन्ही एकदम गेले असं क्वचितच होतं. कोड पी ०१३५ असेल तर पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट, पी ०१४१ असेल तर मागच्याचं. हा हीटर असतो कारण सेन्सर साधारण ३०० डिग्रीच्या वर तापल्याशिवाय नीट रीडिंगच देत नाही. हे चेक करणं सोपं आहे, इंजिन थंड असताना सेन्सरचा कनेक्टर काढा, चार वायरींपैकी दोन एकाच रंगाच्या असतात (बहुतेक पांढऱ्या), त्या हीटरच्या, सेन्सरच्या बाजूने त्यांच्यावर मल्टिमीटर लावा. काही ओहम दाखवले तर हीटर शाबूत, काहीच दाखवलं नाही तर तो सेन्सर गेला, तेवढा एकच बदला. हीटर शाबूत असूनही कोड येतोय तर फ्यूज बघा आणि वायर हाताने चाचपत जा, गरम पाईपला टेकून वितळलेली किंवा उंदराने कुरतडलेली वायर मला कितीतरी वेळा सापडलीय, आणि पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी जाऊन पिना हिरव्या पडतात ते वेगळंच.

हीटरचा कोड नसेल तर गाडी गरम करून स्कॅनरवर लाईव्ह डेटा (इंजिन चालू असतानाचे आकडे) बघा. पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मधे सतत वरखाली झालं पाहिजे, एकाच जागी अडकलं किंवा आळसावल्यासारखं हळू हललं तर तो थकलाय (काही गाड्यांत पुढे वेगळ्या प्रकारचा एअर फ्युएल सेन्सर असतो, त्याला हा आकडा लागू नाही). मागच्याचं मात्र जवळपास स्थिर हवं, तेही पुढच्यासारखंच नाचायला लागलं आणि कोड पी ०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं सांगणारा) असेल तर मग कन्व्हर्टरचा संशय. पण त्याआधीही मॅनिफोल्डजवळ (इंजिनातून धूर बाहेर येतो तो पहिला पाईप) गळती आहे का बघून घ्या, फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला सेन्सरसुद्धा चुकीचं सांगतो. गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर आधी त्याचं ट्यूनिंग तपासा.

सेन्सर बदलायचाच ठरला तर ब्रँडेड घ्या, फिटिंगला जॉइंटवर साधं सिलिकॉन लावू देऊ नका, त्याची वाफ सेन्सरचं टोक खराब करते. काढलेला जुना सेन्सर परत मागा आणि टोक बघा, काळी काजळी असेल तर इंजिन जास्त पेट्रोल पितंय, तो बिघाड तसाच ठेवला तर नवीनही तसाच काळा होईल.

लाईट नुसती लागून राहिली असेल तर गाडी चालवत राहून हे सगळं आरामात करा, पण ती लुकलुकायला लागली तर मिसफायर होतोय (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही), न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खरंच जळेल, तेव्हा लगेच स्पीड कमी करून गाडी बाजूला घ्या.