'ट्रिपल एक्स' डोमेनसाठी एफडी मोडू का?

वेंगुर्ल्याहून एका ताईंचं पत्र आलंय. वय ४१, कोकम आगळ, आमसुलं आणि काजूगराचा घरचा धंदा, वर्षाची विक्री ३८ लाखांच्या आसपास, नवरा सोबतीला, दोन मुलं शाळेत. ब्रँडला सासूबाईंचं नाव दिलंय. महिन्यापूर्वी 'ब्रँड प्रोटेक्शन'वाल्या एकाचा फोन आला की तुमच्या नावाची डॉट ट्रिपल एक्स, डॉट पॉर्न, डॉट अ‍ॅडल्ट आणि डॉट सेक्स अशी चारही डोमेन, म्हणजे प्रौढांच्या साईटसाठी असलेले वेबसाईटचे पत्ते, मोकळी आहेत, उद्या कोणी घेतली तर सासूबाईंचं नाव कुठे झळकेल बघा, पाच वर्षांचं पॅकेज २ लाख १० हजार, ऑफर महिनाअखेरपर्यंत. ताईंचा प्रश्न एवढाच, की पैसे ३ लाखांच्या एफडीतून काढू की बँकेच्या सीसीतून (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज), कारण पुढच्या महिन्यात पॉलिसीचा दीड लाखाचा हप्ता आहे, 'ती पॉलिसी सीसी मंजूर करताना बँकेने घ्यायलाच लावली होती', त्यामुळे हातात रोख कमी आहे.

ताई, कशातूनच काढू नका. हे पॅकेज घेऊ नका. आणि त्या पॉलिसीबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण पत्र वाचल्यापासून माझ्या डोक्यात तीच घोळतेय, तिच्याकडे येतोच.

आधी डोमेन. घरच्या माणसाचं नाव असं कुठे दिसू नये असं वाटणं अगदी रास्त आहे, त्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही, पण हा धंदा उभा कसा राहिला ते तुम्हाला माहीत हवं. डॉट ट्रिपल एक्स हवंय म्हणून आयसीएम रजिस्ट्री नावाची कंपनी २००० सालीच आयकॅनकडे गेली होती, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेकडे. तेव्हा नकार मिळाला. २००४ ला परत अर्ज, २००५ ला तत्त्वतः होकार, मग अमेरिकेतल्या धार्मिक संघटनांनी पत्रांचा मारा केला, तिथल्या वाणिज्य खात्याने आयकॅनला थांबायला सांगितलं, आणि २००६ ला आणि २००७ ला पुन्हा नकार. कंपनीने फेरविचारासाठी स्वतंत्र समितीकडे दाद मागितली, २०१० ला तिथे जिंकली आणि मार्च २०११ मध्ये आयकॅनच्या बोर्डाने ९ विरुद्ध ३ मतांनी मंजुरी दिली.

बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं होतं की प्रौढांच्या साईट एका एक्स्टेन्शनखाली, म्हणजे पत्त्याच्या शेवटच्या एकाच शेपटीखाली, आल्या की पालकांना फिल्टर लावणं सोपं जाईल. ऐकायला पटतं. पण तिथे जायची सक्ती कोणावरच नव्हती, त्यामुळे बहुतेक साईट डॉट कॉमवर होत्या तिथेच राहिल्या. विरोधात तर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक होते, धार्मिक संघटना म्हणत होत्या की याने त्या धंद्याला प्रतिष्ठा मिळते, आणि त्या धंद्याचीच संघटना फ्री स्पीच कोअलिशन म्हणत होती की आज ऐच्छिक आहे, उद्या सक्ती होईल आणि मग एका बटणावर सगळं बंद करता येईल. माझ्या मते फिल्टरचा मुद्दा सक्तीशिवाय पहिल्या दिवसापासून लंगडा होता, आणि सक्ती आणायची तर कुठल्या देशाचा कायदा लावायचा याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

मग ही नावं घेतली कोणी? ज्यांचा या धंद्याशी काडीचा संबंध नाही अशा भरपूर लोकांनी. कंपन्यांनी घेतली, कॉलेजांनी घेतली, अमेरिकेतल्या कान्सास विद्यापीठाने २०११ मध्ये आपल्या नावाशी जुळणारी डोमेन कोणी दुसऱ्याने घेऊ नयेत म्हणून तीनेक हजार डॉलर घातले. तेव्हा डॉट कॉमचा घाऊक दर ८ डॉलरच्या आत होता आणि ट्रिपल एक्सचा ६० डॉलर, त्यातले १० बालसुरक्षेसारख्या कामांसाठी काढलेल्या संस्थेला. आणि २०१५ मध्ये त्याच कंपनीने पॉर्न, अ‍ॅडल्ट आणि सेक्स ही तीन एक्स्टेन्शनं आणली, म्हणजे ज्यांनी भीतीपोटी एक नाव घेऊन ठेवलं होतं त्यांच्यासमोर आणखी तीन बिलं. तुम्हाला फोन आला तो याच रांगेतला.

हिशोब बघा. एका नावाचे वर्षाला ९ हजार धरले तर चार नावांचे ३६ हजार, पाच वर्षांचे १ लाख ८०, वरचे तीस हजार त्या माणसाचे. सहाव्या वर्षी पैसे थांबले की नावं पुन्हा मोकळी. शिवाय नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे केलं की नवीन डोमेन होतं, आणि आता बाजारात हजारावर एक्स्टेन्शनं आहेत, ती सगळी कोणीच विकत घेऊ शकत नाही. असली नावं अडवून बसणारे लोक ज्या नावावर आधीच गर्दी आहे ते बघतात, ३८ लाखांच्या कोकमाच्या ब्रँडवर त्यांची नजर पडायची शक्यता फार कमी.

समजा पडलीच, तर डोमेनच्या तंट्यांसाठी यूडीआरपी नावाची पद्धत आहे आणि ती या चारही एक्स्टेन्शनांना लागू होते. जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे बौद्धिक संपदेच्या जागतिक संघटनेकडे, पाच नावांपर्यंतच्या तक्रारीची एका पंचासाठी फी १,५०० डॉलर, म्हणजे १ लाख ३० हजारांच्या आसपास, वकील वेगळा. स्वस्त नाही, पण तो खर्च झालं तरच करायचा, तुमचं पॅकेज झालं नाही तरी करायचं. तिथे नाव आपलं आहे हे दाखवायला ट्रेडमार्क (सरकारकडे नोंदवलेलं ब्रँडनाव) असला की काम सोपं होतं, आणि तुमच्याकडे तोच नाही! ऑनलाईन अर्जाला छोट्या धंद्यासाठी एका क्लासची (मालाच्या एका वर्गाची) सरकारी फी ४,५०० रुपये आहे, तुम्हाला दोन क्लास लागतील असं वाटतं, ९ हजार, आणि नोंदणी झाली की १० वर्षं टिकते. हे या महिन्यात करा.

आणखी एक. वेबसाईट 'कणकवलीचा एक मुलगा बघतो, लॉगिन त्याच्याकडेच असतं' असं तुम्ही सहज लिहून गेलात. ज्या डॉट कॉमवरून रोजच्या ऑर्डरी येतात ते कोणाच्या नावावर आहे ते आज तपासा. त्याच्या नावावर असेल तर गोडीने मागून स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर करून घ्या, सोबत डॉट इन पण घ्या, दोन्हीचे मिळून वर्षाला दोनेक हजार. तो मुलगा चांगलाच असेल, पण उद्या दुबईला नोकरीला गेला आणि रिन्यूअल राहून गेलं तर काय?

आता पॉलिसी. बँकेने कर्जाबरोबर विमा गळ्यात मारणं नियमात बसत नाही, आणि तरीही प्रत्येक गावात हे चाललेलं असतं, याचा मला मनापासून राग येतो. तुमचे आकडे असे: वर्षाला दीड लाख, १२ वर्षं, २० वर्षांनी ३४ लाख, विमा कवच १५ लाख. दोन हप्ते भरून झालेत, दोन्ही सीसीतून. एकूण १८ लाख भरून ३४ मिळतात म्हणजे जवळजवळ दुप्पट असं तुम्हाला सांगितलं गेलं, पण वर्षाचा परतावा काढला तर तो साडेचार टक्क्यांच्या आतबाहेर येतो. सीसीचं व्याज साडेदहा टक्के! साडेदहाने उचलून साडेचारने गुंतवताय तुम्ही. बाराही हप्ते सीसीतून गेले आणि व्याज साचत राहिलं तर २० वर्षांनी ते कर्ज ८० लाखांच्या पुढे जातं, हातात येणार ३४. आजही भरलेल्या तीन लाखांवर वर्षाला तीसेक हजार व्याज जातंयच.

आणि कवच १५ लाख. धंदा तुमच्या हातावर चालतो, सीसीच १२ लाख उचललेली आहे, उद्या तुम्हाला काही झालं तर बँकेचं फेडून मुलांसाठी ३ लाख उरतील. आरोग्य विमा तर पत्रात कुठेच नाही. चार डोमेनची काळजी करणाऱ्या घरात हे मोकळं पडलंय याचीच मला जास्त धास्ती वाटते.

तेव्हा पुढचा हप्ता भरायची घाई करू नका, वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची ग्रेस असते, ते दिवस वापरा. आधी १ कोटीचा टर्म प्लॅन (फक्त जिवाच्या जोखमीचा विमा) घ्या, तुमच्या वयाला तब्येत ठीक असेल तर वर्षाला १५ ते २० हजार, मग चौघांचा १० लाखांचा फ्लोटर (कुटुंबाचा एकत्र आरोग्य विमा), २५ हजार धरा, सप्टेंबर २०२५ पासून दोन्हीवर जीएसटीही नाही. दोन्ही मिळून ४५ हजारांच्या आत, दीड लाखातले उरलेले लाखभर सीसीत भरा. टर्म हातात आल्याशिवाय जुनी पॉलिसी बंद करायची नाही, हा क्रम चुकवू नका. दरम्यान कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी बंद केली तर मिळणारी रक्कम, लेखी मागवा, ऑक्टोबर २०२४ नंतर नियम बदललेत आणि तुमची पॉलिसी त्यानंतरची आहे, त्यामुळे पूर्वीपेक्षा बरी रक्कम मिळेल, पण तीन लाख पुरे परत येणार नाहीत हे धरून चाला. लाख-सव्वा लाख बुडाले तरी उरलेले दहा हप्ते वाचतात. एफडीला हात लावू नका, तीच तुमची अडीअडचणीची गंगाजळी आहे.

सरेंडर करायच्या आधी मात्र तक्रार करा, कारण जबरदस्ती सिद्ध झाली तर पूर्ण पैसे परत मिळू शकतात. कर्ज मंजुरीचं पत्र आणि पॉलिसीची तारीख शेजारी ठेवा, शाखेतल्या माणसाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असतील तर त्याचे स्क्रीनशॉट काढा, आणि बँक आणि विमा कंपनी दोघांना एकाच दिवशी लेखी द्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, तिथे फी नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. सीसीचं रिन्यूअल अडवू अशी कोणी तोंडी धमकी दिली तर तेही लेखी मागा, आणि शाखेत अर्ज देताना पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.