संसदीय समित्या: काही प्रश्न, काही उत्तरे

प्रश्न: सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडेच असावे, असा नियम आहे का?

उत्तर: नियम नाही, संकेत आहे. १९६७ मध्ये विरोधातील ‘स्वतंत्र’ पक्षाचे मिनू मसानी अध्यक्ष झाले आणि तेव्हापासून हा संकेत रूढ झाला. समितीचे २२ सदस्य (लोकसभेचे १५, राज्यसभेचे ७) दरवर्षी एकल संक्रमणीय मतपद्धतीने, म्हणजे पसंतीक्रम देऊन, निवडले जातात. त्यामुळे प्रत्येक पक्षाला संख्याबळानुसार जागा मिळतात, म्हणजे अध्यक्ष विरोधी पक्षाचा असला तरी समितीतील बहुमत सहसा सत्ताधाऱ्यांचेच राहते. वादग्रस्त अहवाल अडतात ते इथेच.

प्रश्न: प्रत्येक विधेयक स्थायी समितीकडे जाते का?

उत्तर: नाही. ते लोकसभा अध्यक्षांनी किंवा राज्यसभेच्या सभापतींनी पाठवले तरच जाते. मंत्रालयांनुसार नेमलेल्या या विभागवार स्थायी समित्या १९९३ मध्ये १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. नावे पक्ष सुचवतात, नेमणूक पीठासीन अधिकारी, म्हणजे अध्यक्ष आणि सभापती, करतात. मंत्र्यांना सदस्य होता येत नाही.

प्रश्न: बैठका बंद दाराआड का? जनतेपासून लपवण्यासारखे काय असते?

उत्तर: शंका रास्त आहे, पण माझे मत उलट आहे. सभागृहात पक्षादेश (व्हिप) असतो आणि कॅमेरा असतो. समितीत दोन्ही नसल्याने सत्ताधारी खासदारही मंत्रालयाच्या सचिवांना अडचणीचे प्रश्न विचारू शकतो आणि नंतर मत बदलल्यास त्याची नाचक्की होत नाही. समिती अधिकाऱ्यांची, तज्ज्ञांची साक्ष नोंदवते, कागदपत्रे मागवते. गणपूर्ती, म्हणजे बैठकीसाठी लागणारी किमान उपस्थिती, एकतृतीयांश सदस्यांची असते. विभागवार समित्यांच्या अहवालाला सहमत नसलेला सदस्य भिन्नमतपत्रिका जोडू शकतो. अहवाल सभागृहात मांडला की तो कोणालाही वाचता येतो. मात्र साक्षींचे सारे तपशील बाहेर येत नाहीत, ही उणीव मी नाकारत नाही.

प्रश्न: शिफारशी सरकारने नाकारल्या तर?

उत्तर: त्या बंधनकारक नसतात, त्यामुळे सरकार नाकारू शकते, पण लेखी कारण द्यावे लागते. त्या उत्तरावर समिती पुन्हा अहवाल देते आणि कोणते उत्तर समाधानकारक नाही, हे त्यात नोंदवते.

प्रश्न: संयुक्त संसदीय समिती वेगळी कशी?

उत्तर: दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची ही समिती एका कामापुरती असते आणि अहवाल दिला की संपते. २००३ मध्ये शीतपेयांतील कीटकनाशकांच्या अंशांची चौकशी करण्यासाठी शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेली समिती हे त्याचे उदाहरण.