कारच्या लायसन्सवर दहा टायर चालत नाही

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला. माझ्या तीन गाड्या आहेत : एक चौदा फुटी टेम्पो, एक दहा टायर ट्रक, एक बारा टायर ट्रक. कांदा दिल्लीला जातो, येताना मिळेल ते भाडं. मुलाला जूनमध्ये एकोणीस पूर्ण झाली. बारावी सायन्सला ५७ टक्के पडले. बीएस्सीला घातलाय, पण त्याचं मन लागत नाही. कारचं लायसन्स मार्चमध्ये निघालं. दिवाळीपासून दहा टायरवर ड्रायव्हरसोबत पाठवतो. रात्री सरळ रोडला त्याच्याकडे स्टेअरिंग देतात, ड्रायव्हर तेवढी झोप काढतो. कारच्या लायसन्सवर कमर्शियल गाडी चालते असं सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय. एजंट म्हणतो, टेस्ट न देता हेवी लायसन्स करून देतो. काढून घ्यावं का? किती दिवसांत मुलगा स्वतंत्र गाडी नेईल? हिशेब, फास्टॅग, ई-वे बिल तो मोबाइलवर चांगलं बघतो. बोलत फारसं नाही, पण ऐकतो.

उत्तर : भाऊ, तुम्ही विचारलंय लायसन्सबद्दल. मला काळजी वाटली ती तुमच्या शेवटच्या ओळीची. एवढ्या पत्रात गाड्यांचे टायर आले, टक्के आले, कोर्ट आलं, एजंट आला. मुलाला स्वतःला काय हवंय याची एक ओळ नाही. बीएस्सीत मन लागत नाही हे त्यानं सांगितलं, की तुम्ही ठरवलं? दिवाळीपासून जो पोरगा रात्र रात्र कॅबिनमध्ये काढतो, दिल्लीची एक खेप केली की ज्याचा आठवडा बुडतो, त्याचं प्रॅक्टिकलला मन लागणार कसं? ५७ टक्के काही वाईट नाहीत. त्या टक्क्यांवर अजून चार वाटा उघड्या आहेत. त्या बंद होतायत त्या मार्कांमुळे नाही.

आणि दुसरं, जरा कडक लिहितो. तुम्ही म्हणता मुलगा शिकतोय. नाशिकहून दिल्ली बाराशे किलोमीटरच्या वर आहे. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा होता, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. ड्रायव्हरला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास, ही साधारण मर्यादा त्या जुन्या कायद्यातच घातलेली होती. त्या हिशेबानं रात्रंदिवस चालणाऱ्या या खेपेला दोन ड्रायव्हर लागतात. तुमच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर एकच आहे. म्हणजे तुमचा मुलगा दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार वाचवतोय, आणि त्याच्या शेजारी शिकवणारा माणूस झोपलेला आहे. याला शिक्षण म्हणत नाहीत.

आता लायसन्सचं. तुमच्या मुलाला आज दहा टायर चालवता येत नाही, बारा टायर येत नाही आणि तुमचा चौदा फुटी टेम्पोही येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कुणीही परिवहन वाहन, म्हणजे मालवाहू किंवा भाड्यानं माणसं नेणारी गाडी, सार्वजनिक रस्त्यावर चालवू शकत नाही. अठरा वर्षं ही अट खासगी कारसाठी. शिवाय कलम ७ म्हणतं, परिवहन वाहनाचं शिकाऊ लायसन्स हवं तर हलक्या मोटार वाहनाचं पक्कं लायसन्स किमान एक वर्ष जुनं पाहिजे. तुमच्याकडे ते वर्ष येत्या मार्चमध्ये भरेल आणि वीसावं जूनमध्ये पुरं होईल. दोन्ही अटी लागतात, म्हणून जून धरा. त्याआधी एजंट जे काही 'करून' देईल, त्यात वय तरी खोटं असेल नाही तर तारीख तरी.

पकडलं गेलं तर चालवणाऱ्याला कलम १८१ आणि गाडी देणाऱ्या मालकाला कलम १८०, दोघांनाही प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पाच हजारांचं ओझं तुम्हाला वाटणार नाही, हे मला माहीत आहे. खरा फटका विम्याचा आहे. अपघातात माणूस गेला तर अशा प्रकरणांत साधारणपणे न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी नुकसानभरपाई द्यायला लावतं आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतं, कारण गाडी योग्य लायसन्स नसलेल्या माणसाच्या हातात दिलेली होती. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तर नाकारलाच जातो. एका कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई लाखांत जाते. तिन्ही गाड्या विकूनही ती फिटेलच असं नाही.

तुम्ही ज्या निकालावर विसंबून आहात तो खरा आहे, अर्थ मात्र चुकीचा पोचलाय. अनेक गाडीमालकांनी तो असाच ऐकलाय, म्हणून सविस्तर सांगतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं, की हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेल्या माणसाला त्याच वर्गात बसणारी मालवाहू गाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही. 'त्याच वर्गात बसणारी' म्हणजे एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंतची. मालवाहू गाडीच्या बाबतीत हे वजन भरलेल्या गाडीचं धरतात. इथंच लोक फसतात. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, काढून बघा, त्यावर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि पासिंगचं, म्हणजे मालासह परवानगी असलेलं, एकूण वजन. साडेअठरा टन पासिंगची सहा टायर रिकामी असते सहा टनांच्या आसपास. मालक रिकाम्या गाडीचा आकडा बघतो आणि म्हणतो, साडेसातच्या आत आहे, चालेल. नाही चालत. रिकामं वजन ट्रॅक्टर आणि साध्या मोटारकारसाठी धरतात, ट्रकसाठी नाही. आणि गाडी रिकामी परत येत असली तरी वर्ग पासिंगच्याच वजनावर ठरतो. तुमच्या चौदा फुटीचं एकूण वजन ७,५०० किंवा त्याखाली असेल तर वीस पूर्ण झाल्यावर मुलगा ती कारच्या लायसन्सवर चालवू शकेल. दहा आणि बारा टायरचा या निकालाशी काही संबंध नाही. वीस वर्षांची अट निकालानं शिथिल केलेली नाही.

साडेसात टनांच्या वर मात्र आपल्या कायद्यात मोठी ढील आहे. पूर्वी मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, जड मालवाहू, जड प्रवासी असे चार वर्ग होते. १९९४ च्या दुरुस्तीनं ते काढून 'परिवहन वाहन' हा एकच वर्ग केला. अमेरिकेत जड ट्रकसाठी बी वर्ग आणि मोठा ट्रेलर जोडलेल्या गाडीसाठी ए वर्ग असे वेगळे परवाने आहेत, दोन्हींची चाचणीही वेगळी. आपल्याकडे नोंद एकदा पडली की कागदावर सहा टायरपासून ५५ टनांच्या ट्रेलरपर्यंत सगळं उघडं. चाचणी कुठल्या गाडीवर दिली हे नंतर कुणी विचारत नाही. ही पायरी कायद्यानं ठेवली नाही, म्हणून ती तुम्ही ठेवायची. माझं मत असं : पहिलं वर्ष चौदा फुटी, दिवसा, नाशिक-मुंबई आणि नाशिक-पुणे. त्यानंतर सहा टायर, घाटासह. दहा टायरला त्यानंतर हात, आणि तोही जागा असलेला ड्रायव्हर शेजारी असताना. शिकाऊ लायसन्सवर तर शेजारी लायसन्सधारक बसलेला आणि गाडी थांबवू शकेल अशा स्थितीत असणं ही अटच आहे. म्हणजे आज चाललंय ते शिकाऊ लायसन्स असतं तरी बेकायदाच होतं.

'रात्री सरळ रोडला' देतो, असं तुम्ही लिहिलंय, जणू तेवढं तरी सोपं आहे. सरळ, मोकळा रस्ता आणि पहाटे दोन ते पाचची वेळ, इथंच डोळा लागतो. घाटात माणूस भीतीनं तरी जागा असतो. पुढचे लाल दिवे चालत्या गाडीचे आहेत की उभ्या गाडीचे, हे एकोणीस वर्षांच्या मुलाला उशिरा कळतं. भरलेली दहा टायर ऐंशीच्या वेगात असेल तर तेवढ्या उशिरात तिला थांबवायला रस्ता पुरत नाही.

आणि उतार. तुमची गाडी परतताना सेंधव्याहून बिजासन घाट उतरून पळासनेरला येते. तिथंच जुलै २०२३ मध्ये ब्रेक निकामी झालेला ट्रक गाड्यांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि अनेकांचे जीव गेले. पुण्यात नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतारही असाच बदनाम आहे. तिथं डिझेल वाचवायला ड्रायव्हर न्यूट्रल मारतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो, ड्रम तापले की लायनर धरत नाही. घाबरून पुन्हा पुन्हा पॅडल मारलं की टाकीतली हवा संपत जाते. तुमचा ड्रायव्हर उतारावर काय करतो, हे मुलाला विचारा. शिकायचं ते हे आहे : चढताना लागतो तोच किंवा त्याखालचा गिअर उतरण्याआधी टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग कमी करणारा) लावायचा, ब्रेक धरून ठेवायचा नाही, दाबून सोडायचा. सकाळी हवेच्या टाक्यांतलं पाणी सोडायचं. हवेचा काटा सात-आठ बारवर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. थांब्यावर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन बघायचा. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर त्याचा ब्रेक धरून राहिलेला असू शकतो. ही सगळी कामं तो जूनपर्यंत क्लीनर म्हणून, दिवसा, स्टेअरिंगला हात न लावता शिकू शकतो. सुट्टीत, लेक्चर बुडवून नव्हे.

जूननंतरची पद्धत सोपी आहे. परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर वर्ग वाढवण्याचा अर्ज, डॉक्टरचं नमुना १अ चं वैद्यकीय प्रमाणपत्र, मग शिकाऊ लायसन्स. ते सहा महिने चालतं. तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी, त्यासाठी मोटार ट्रेनिंग स्कूलचं नमुना ५, म्हणजे प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र, लागतं. हे नमुना ५ गाडीत न बसवता विकणारी माणसं आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. टेस्ट टाळायचीच असेल तर त्याचा कायदेशीर मार्ग आहे : मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात सहा आठवड्यांचा, ३८ तासांचा जड वाहनाचा अभ्यासक्रम. तो पास झाला की आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ होते. एजंटला द्यायचे पैसे तिथं भरा. हे लायसन्स पाच वर्षांचं असतं. नूतनीकरणाला मुदत संपून एक वर्षापेक्षा जास्त उशीर झाला तर पुन्हा चाचणी.

तुमच्या मुलाची बारावी इथं वाया जाणार नाही. आठवी पासची सक्ती २०१९ मध्ये निघाली, पण पेट्रोल, गॅस, रसायनांच्या टँकरवर जायचं तर एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते, शिवाय तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण लागतं. बसवर जायचं तर बॅज, म्हणजे प्रवासी गाडीच्या ड्रायव्हरचा बिल्ला, लागतो. तो पुढचा विषय.

पण त्याला हे हवंय का? पत्रातून मला दिसणारा मुलगा वेगळा आहे. कांद्याला ई-वे बिल लागत नाही, परतीच्या मालाला लागतं, दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं त्याची मुदत संपते, हे सगळं जो मोबाइलवर सांभाळतो तो तुमच्या धंद्यातलं सर्वांत डोक्याचं काम आधीच करतोय. त्याला हिशेबात रस असेल तर बीकॉम आणि सोबत जीएसटीचं काम. यंत्रात रस असेल तर ऑटोमोबाइल डिप्लोमा, बारावी सायन्सवर थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची चौकशी जवळच्या पॉलिटेक्निकमध्ये करा. नाहीतर आयटीआयचा मेकॅनिक डिझेल एका वर्षाचा आहे. आणि बीएस्सीच पुरी करायची म्हणाला तर ती पुरी करू द्या. ड्रायव्हिंगच हवं म्हणाला, तर वर लिहिलेली पायरी आहेच. ड्रायव्हरकी कमी दर्जाचं काम आहे असं मी अजिबात म्हणत नाही. ते कसबाचं काम आहे, म्हणूनच ते जबरदस्तीनं करून घेऊ नये.

हा प्रश्न त्याला तुम्ही समोर बसून विचारू नका, तो 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणेल. त्याच्या आईला किंवा मामाला विचारू द्या. उत्तराला आठ-पंधरा दिवस लागू द्या, आणि तोवर त्याला एकही खेप देऊ नका.

दहा टायर या आठवड्यात दिल्लीला निघणार असेल, तर तिच्यावर दुसरा पगारी ड्रायव्हर घाला. ठेवण्याआधी त्याचा लायसन्स नंबर आणि जन्मतारीख परिवहनच्या पोर्टलवर टाकून बघा : परिवहन वाहनाची नोंद आहे का, आणि तिची मुदत चालू आहे का. कारची मुदत आणि परिवहनची मुदत वेगवेगळ्या असतात, परिवहनची तारीख वाचा. सध्याच्या ड्रायव्हरचंही त्याच वेळी बघून घ्या.