माहूरला पहिल्यांदा जाताना

पहिल्यांदाच माहूरगडावर निघालाय ना, मग शक्यतो नवरात्र टाळा. त्या गर्दीत देवीसमोर घटकाभरही उभं राहू देत नाहीत. उन्हाळ्यात तर पहाटेच पायथा गाठा. दुपारी पायऱ्या अनवाणी पायांना चटके देतात.

गाभाऱ्यात पूर्ण मूर्ती शोधू नका. रेणुकामातेचं फक्त शेंदूरचर्चित मुख आहे, मोठ्या डोळ्यांचं. नजर ठरेपर्यंत शांत उभे राहा. साडेतीन पीठांपैकी हे पूर्ण पीठ, मराठवाड्यात तसं दुसरं तुळजापूरच.

आणि तांबूल चुकवू नका! पानाचा विडा खलबत्त्यात कुटून केलेला हा प्रसाद, वास कितीतरी वेळ बोटांना राहतो. पेढ्यांपेक्षा तोच घरी न्या. दत्तशिखर आणि अनसूयामाता वेगवेगळ्या डोंगरांवर आहेत, त्यामुळे अख्खा दिवस हाताशी ठेवा.