टीम जिंकली तरी क्वार्टरबॅकला ‘डी’ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात, एमएस करतोय. मिशिगनची अमेरिकन फुटबॉलची टीम जिंकली की घरच्या ग्रुपवर ‘ओ-लाइन बी प्लस, क्यूबी डी, किकर ए प्लस’ असलं काहीतरी टाकतो (क्यूबी म्हणजे क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा आणि हल्ला चालवणारा; बाकीचे पुढे येतातच). जिंकलेल्या पोरांना डी कशाला, आणि हे मार्क देतं कोण?

आधी एक गैरसमज काढून टाकतो. डी म्हणजे नापास नव्हे. इथे ए, बी, सी, डी आणि त्यानंतर एकदम एफ. डी म्हणजे आपल्याकडचं ‘काठावर पास’.

आता कोण देतं ते. खरे मार्क कोच देतात. सामना झाला की व्हिडिओ लावून बसतात आणि प्रत्येक खेळाडूला प्रत्येक डावात (क्रिकेटचा डाव नव्हे, चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतची एक झटापट) नेमून दिलेलं काम त्यानं केलं की नाही हे तपासतात, केलं तर अधिक, नाही केलं तर उणे. ते कागद आपल्याला बघायला मिळत नाहीत. पेपरवाले, टीव्हीवाले आणि आमच्यासारखे रिकामटेकडे गटवार अक्षरं देतात. मी 2008 साली ॲन आर्बरला शिकायला आलो. त्या मोसमात मिशिगन 12 पैकी 9 सामने हरली. मी आणि माझा रूममेट पिझ्झाच्या खोक्याच्या झाकणावर मार्क लिहायचो. तेव्हा सोपं होतं, सगळ्यांना एफ. जिंकल्यावर मार्क देणं खरं अवघड.

गटवार का, ते कळायला एवढं पुरे. क्रिकेटमध्ये बॅटिंग करणाराच फिल्डिंगलाही उभा राहतो. इथे तसं नाही. हल्ला करणारे अकरा वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे, लाथ मारणारे आणखी वेगळे. क्वार्टरबॅक बचावाला कधी मैदानात उतरतच नाही. म्हणजे एका टीमच्या पोटात आठ-नऊ छोट्या टीम असतात. एकीनं पाट्या टाकल्या तरी दुसरीच्या जिवावर सामना निघू शकतो.

याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण 30 नोव्हेंबर 2024 चं. ओहायो स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाच्या मैदानावर, कोलंबसला. भर दुपारी बाराला सुरू, म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे साडेदहा. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर होती, मिशिगन तोवर 11 पैकी 5 हरलेली. मिशिगन किती गुणांनी हरणार एवढीच चर्चा होती, आणि अंदाज वीसच्या आसपासचा होता. निकाल: मिशिगन 13, ओहायो स्टेट 10.

या सामन्यात मिशिगनचा क्वार्टरबॅक डेव्हिस वॉरन यानं काय केलं बघा. 16 वेळा चेंडू फेकला, 9 वेळा आपल्या माणसाच्या हाती गेला, अख्ख्या सामन्यात मिळून 62 यार्ड. आणि दोनदा प्रतिस्पर्ध्याच्या हातात देऊन बसला. चांगला क्वार्टरबॅक 62 यार्ड एखाद्या फेकीत काढतो. याला डी नाही द्यायचा तर कुणाला?

इथे माझं आणि त्या जुन्या रूममेटचं दरवेळी वाजतं. तो म्हणतो सी. त्याचं म्हणणं, वॉरन हा शिष्यवृत्तीशिवाय टीममध्ये शिरलेला मुलगा, शाळेत असताना रक्ताच्या कर्करोगातून उठलेला, त्यात कोल्स्टन लव्हलंड हा त्याचा हुकमाचा टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून फेकी पकडणारा) दुखापतीमुळे त्या दिवशी बाहेर. सगळं खरं. त्या पोराबद्दल मलाही माया आहे. पण तो डी माणसाला नाही, त्या शनिवारच्या साडेतीन तासांना आहे. लव्हलंड नव्हता म्हणून मी एफचा डी केला, याहून जास्त सूट देणार नाही. (रूममेटनं या वाक्यावर अजून उत्तर दिलेलं नाही.)

मग जिंकले कसे? आमच्या शाळेत गणिताचे मास्तर होते, उत्तर चुकलं तरी पायऱ्यांना मार्क देणारे आणि नुसतं उत्तर बरोबर असलं तर ‘कुणाचं बघून लिहिलंस’ विचारणारे. गटांना मार्क देताना तेच करायचं. गुणफलक झाकून ठेवायचा आणि पायऱ्या तपासायच्या.

ओ-लाइन म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढ्यात भिंतीसारखे उभे राहणारे पाच दांडगे. यांचे आकडे कुठे छापून येत नाहीत, म्हणून यांना मार्क देताना सगळ्यात जास्त गफलत होते. त्यांच्या मागून पळणारा केलेल मलिंग्ज. त्यानं 32 वेळा चेंडू घेऊन 116 यार्ड काढले. सरासरी साडेतीनच्या थोडी वर. नुसता आकडा बघितलात तर म्हणाल, ठीकठाक, सी. पण समोर कोण होतं? ओहायो स्टेटचा बचाव त्या मोसमात देशात सगळ्यात कमी गुण आणि सगळ्यात कमी यार्ड देणारा होता. आणि मिशिगन चेंडू फेकू शकत नाही हे स्टेडियममधल्या लाखभर लोकांना दिसत होतं. म्हणजे समोरच्या अकराही जणांना माहीत होतं की आता मलिंग्ज पळणार. ते माहीत असूनही तो पळतच राहिला. शेवटच्या चढाईत तिसऱ्या प्रयत्नात 6 यार्ड हवे होते. नाही मिळाले तर चेंडू सोडावा लागणार, 10-10 अशी बरोबरी. तिथे मलिंग्जनं 27 यार्ड काढले. माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला आणि बायकोनं आतून विचारलं, “काय झालं, पडलास का?” मलिंग्जला ए उणे, लाइनला बी प्लस. लाइनला ए नाही, कारण मधल्या वेळात बराच काळ चढाया जागच्या जागी विरत होत्या.

तुम्हाला हे टीव्हीवर कसं कळणार? एक करून बघा. डाव सुरू झाल्यावर पहिले दोन सेकंद चेंडूकडे बघू नका. मधल्या पाच जणांच्या पायांकडे बघा. पाय पुढे चाललेत की मागे? कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो, त्यामुळे सुरुवातीला चुकामूक होईल. दहा-बारा डावांत डोळा बसतो.

बचावाच्या लाइनला मी ए दिला. मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे मधले दोघे म्हणजे जातंच. ओहायो स्टेटकडे देशातले दोन नावाजलेले रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारे, होते, ट्रव्हियन हेंडरसन आणि क्विन्शॉन जडकिन्स. सगळी टीम मिळून 26 वेळा पळाली आणि हाती लागले 77 यार्ड. ग्रॅहम आणि ग्रँट दोघेही पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत पहिल्याच फेरीत उचलले गेले. मग ए प्लस का नाही? कारण ओहायो स्टेटच्या ओ-लाइनमधले डावा टॅकल आणि सेंटर दोघेही दुखापतीनं मोसमातून बाद झालेले होते. समोरची भिंत आधीच पोखरलेली असेल तर ती पाडल्याचे पूर्ण मार्क घ्यायचे नाहीत. वॉरनला लव्हलंडची सूट दिली तर इथे तोच न्याय उलटा लावायला हवा. हा प्रामाणिकपणा माझ्या ओळखीतल्या बहुतेक मिशिगनवाल्यांना जमत नाही.

मिशिगनच्या बचावाच्या मागच्या फळीची, म्हणजे फेकी अडवणाऱ्यांची, गोष्ट मात्र मला सगळ्यात आवडते. त्यांचा सगळ्यात भारी कॉर्नरबॅक (रिसीव्हरला चिकटून राहणारा) विल जॉन्सन ऑक्टोबरपासून जखमी. समोर जेरेमाया स्मिथ, पहिल्याच वर्षाचा पण सगळ्यांच्या तोंडी नाव असलेला रिसीव्हर, म्हणजे फेकी पकडणारा. स्मिथनं एक टचडाउन केला खरा (म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला), पण दिवसभरात 35 यार्डांवर अडला. महिन्याभरानंतर, 1 जानेवारीला रोझ बोल या मोसमाअखेरच्या मोठ्या सामन्यात ओरेगनसमोर याच पोरानं 187 यार्ड काढले. आता सांगा, 35 चं मोल किती? शिवाय आमिर हॉलनं एक चेंडू मधेच पकडून पार गोलरेषेच्या तोंडाशी आणला, तिथून मलिंग्जनं टचडाउन केला. दुसरा मकारी पेजनं पकडला. ए.

किकर डॉमिनिक झ्वाडा, म्हणजे लाथेनं चेंडू गोलखांबांमधून घालणारा, दर वेळी तीन गुण: एक 54 यार्डांवरून, एक 21 यार्डांवरून, दुसरा सामना संपायला 45 सेकंद असताना. ए प्लस, पुढे बोलायचं काम नाही.

पण इथेच खरी मेख आहे. ओहायो स्टेटच्या किकरचे 38 आणि 34 यार्डांचे दोन प्रयत्न हुकले. दोन्ही गेले असते तर 16-13 असा निकाल उलटा लागला असता. विचार करा, तसं झालं असतं तर मिशिगनच्या ओ-लाइननं काही वेगळं केलं असतं का? मलिंग्जचे यार्ड कमी झाले असते का? नाही ना? मग मार्कही तेच राहायला हवेत. दुसऱ्याच्या चुकीनं तुमच्या पदरात सामना पडतो, मार्क पडत नाहीत. निकाल उलटला तर तुमचा मुलगा हीच अक्षरं ठेवेल का, हे त्याला जरूर विचारा. त्याला खेळ किती कळतो ते त्या उत्तरावरून कळेल.

सामन्यानंतर मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवायचा प्रयत्न केला, हाणामारी झाली, पोलिसांनी मिरीचा फवारा मारला आणि दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड झाला. त्याचे मार्क कुठल्या गटात धरायचे यावर आमचं एकमत नाही.

आणि हरलेली ओहायो स्टेट? 20 जानेवारी 2025 ला अटलांटात नोटर डेमला 34-23 हरवून राष्ट्रीय विजेती झाली. त्यांच्या बचावाला त्या नोव्हेंबरच्या दुपारी मी बी प्लस दिला होता. मिशिगनवाल्या ग्रुपवर त्यावरून मला दोन दिवस शिव्या पडल्या. त्या दिवशीचे मार्क लिहिलेलं पिझ्झाच्या खोक्याचं झाकण मी जपून ठेवलंय.