चार अक्षरं आणि बटणांचा डबा

प्रश्न : बाई, नमस्कार. माझं वय 34. माहेर चंदगड तालुक्यातलं, सासर बेळगावात वडगावला. लग्नाला नऊ वर्षं झाली. हे उद्यमबागला फौंड्रीत कामाला आहेत, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. घरात आत्या (माझ्या सासूबाई), मामा (सासरे), आम्ही दोघं आणि सहा वर्षांची मुलगी. मी घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते.

मुलगी माझ्या अगदी उलट. सकाळी डोळे उघडले की तोंड सुरू. गल्लीतल्या प्रत्येक घरात तिचं येणं-जाणं, कानडीसुद्धा फाडफाड बोलते. आत्याही तशाच. संध्याकाळी कट्ट्यावर आठ-दहा बायका जमतात, त्यात त्यांचाच आवाज मोठा. मी जाऊन बसले तरी माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. सात वाजेपर्यंत डोकं इतकं भणभणतं की मुलगी "आई, ऐक ना" म्हणाली तरी मी तिच्या अंगावर वसकन जाते. मग ती झोपली की तिच्या पायांवरून हात फिरवत बसते. आत्या तिच्यासमोरच म्हणतात, "तुझी आई घुमी हाय गे. तू माझ्यावर गेल्यास."

मागच्या महिन्यात पुण्याच्या नणंदेनं फोनवर स्वभावाची चाचणी पाठवली. माझं उत्तर 'आय-एस-एफ-जे' आलं. म्हणजे अंतर्मुख वगैरे. वाचून रडू आलं. चंदगडला बहिणीला फोन लावला आणि तासभर हेच बोलत बसले. देवानं चुकीच्या स्वभावाच्या बाईच्या पदरात मूल टाकलं का? मुलगी कधीकधी माझ्या मशीनशेजारी बसून डब्यातली बटणं रंगावारी लावते, तेवढाच वेळ घर शांत असतं. स्वभाव बदलता येतो का?
— एक आई, वडगाव

उत्तर : पत्राची सुरुवात 'बाई' अशी केलीस, म्हणजे तुला 'तू' म्हणायला मी मोकळी झाले. 31 वर्षं खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवलं. अजून कुणी 'बाई' म्हटलं की समोर दुसरीतली पोर पाटी घेऊन उभी दिसते.

आधी त्या चार अक्षरांचं बघू. ती कुठून आली ते ऐकलंस तर निम्मी भीती जाईल. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज नावाची एक बाई होती. मुलं कशी वाढवावीत याचा तिला फार नाद. तिची लेक इझाबेल. लेकीनं लग्न केलं आणि जावई घरात आला तो या मायलेकींपेक्षा पार वेगळ्या घडणीचा. हा असा कसा, या कोड्यातून सासूबाई माणसांच्या स्वभावांचे प्रकार पाडायला लागल्या. पुढे 1923 मध्ये कार्ल युंगचं याच विषयावरचं पुस्तक इंग्रजीत आलं, त्यावर त्यांनी आपलं घर बांधलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बायका मोठ्या संख्येनं कारखान्यांत शिरत होत्या. कुणाला कुठलं काम मानवेल हे कळावं म्हणून इझाबेलनं प्रश्नावली तयार केली, तीच ही. दोघींपैकी एकीनंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. सासूला जावई कळेना म्हणून सुरू झालेली गोष्ट आज सुनेला रडवते आहे, याची मला जरा गंमतच वाटली. रागावू नकोस.

त्या चाचणीची खोट अशी की ती माणसाला मधोमध चिरते. अलीकडे तो बोलका, पलीकडे तो अबोल. खरं तर बहुतेक माणसं मधल्या पट्ट्यातच असतात. शंभरात 49 आणि 51 गुण मिळवणाऱ्या दोन बायकांत काय फरक? पण एकीला एक अक्षर मिळतं, दुसरीला दुसरं. काही आठवड्यांनी परत दिली तर पुष्कळांचं एखादं अक्षर बदलतं. म्हणून आता अभ्यासक असे खण पाडत नाहीत. ते स्वभावाचे पाच गुण पट्टीवर मोजतात, कुणात कुठला किती ते बघतात. आईच्या या गुणांचा तिच्या वागण्याशी संबंध सापडतो, नाही असं नाही, पण तो बारीकसा असतो. त्यावरून कुणी चांगली आई, वाईट आई ठरत नाही.

आता तुझं पत्र. मी ते तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा एका ओळीशी अडले. 'बहिणीला फोन लावला आणि तासभर बोलत बसले.' अगं, तासभर! घुमी बाई तासभर बोलते होय? तू चंदगडच्या बोलीत वाढलीस. वडगावच्या कट्ट्यावर निम्मं बोलणं कानडीत चालतं, विणकरांची गल्ली असली तर निम्म्याहून जास्तच. विनोद कानडीत, टोमणा कानडीत, हसणं सगळ्यांचं एकदम. त्यात तू दोन सेकंद उशिरा हसतेस, कारण मनात अर्थ लावत बसतेस. असं वर्षानुवर्षं झालं की माणूस हसायचंच सोडतो. 'चारचौघांत मोकळेपणानं बोलता का' या प्रश्नाला तू 'नाही' लिहिलं असशील. चंदगडच्या ओसरीवर बसून लिहिलं असतंस तर?

तू मुळात थोडी शांत असशीलही, ते मी खोडत नाही. पण स्वभाव किती आणि भाषा किती, हे वेगळं केल्याशिवाय स्वतःला नावं ठेवू नकोस.

दुसरी गोष्ट रात्रपाळीची. तू एका वाक्यात उरकलीस, मी मात्र तिथेच थांबले. ज्या आठवड्यात मुलीचे बाबा रात्री कामाला जातात, त्या आठवड्यात ते दिवसा झोपतात. म्हणजे "हळू बोल, बाबा झोपलेत" हे दिवसभर कोण म्हणतं? तूच. मशीनही जपून चालवायचं, कुकरची शिट्टीही धाकात. असा दिवस काढल्यावर सातला डोकं भणभणणार नाही तर काय होणार? एक काम कर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ज्या दिवशी पोरीवर ओरडलीस त्या तारखेला पेन्सिलीनं टिंब दे. दोन महिने. टिंबं रात्रपाळीच्या आठवड्यांत दाटलेली दिसली तर दोष तुझ्या स्वभावाचा नाही, घराच्या वेळापत्रकाचा. त्यावर नवऱ्याशी बोलता येतं. स्वभावावर काय बोलणार?

आता माझी सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की बोलक्या आया फार शहाण्या असतात. मी सभाधीट. कुणी म्हणायच्या आत उखाणा घेणारी. माझा धाकटा मात्र दाराच्या फटीतून आधी पाहुणा बघणार, मग त्याची चप्पल बघणार आणि तासाभरानं मांडीजवळ येणार. तो पाच वर्षांचा असताना आमच्या गल्लीच्या शिवजयंतीच्या चित्ररथावर मी त्याला बालशिवाजी करून बसवला. आपल्या बेळगावची वैशाखातली ती मिरवणूक तुला माहीत आहे, रात्रभर चालते. जिरेटोप सारखा डोळ्यांवर घसरत होता. समोर ढोल, मागे जनरेटर. पोरगं हूं का चूं करत नव्हतं. मी खालून चालत सगळ्यांना सांगत होते, बघा कसा राजासारखा बसलाय. गणपत गल्लीत त्याला उतरवून घेतला तेव्हा पाहिलं, अंगरख्याचा गोंडा त्यानं पार उसवला होता. एकेक धागा ओढून मुठीत धरलेला. दुसऱ्या दिवशी ताप. नंतर कितीतरी दिवस ढोल वाजला की पलंगाखाली जायचा.

तीस वर्षांचा झाल्यावर एकदा जेवताना सहज म्हणाला, "आई, त्या रात्री मी पुढच्या माळेतले दिवे मोजत होतो. 84 होते." मला तो घास गिळवेना.

तेव्हा मला माहीत नव्हतं, पण न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर नवरा-बायकोनं 1956 पासून हाच अभ्यास चालवला होता. तान्ह्या वयापासून 133 मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. त्यांना दिसलं की शंभरात साधारण 40 मुलं सहज रुळणारी, 10 हट्टी-चिडकी आणि 15 अशी, की नव्या गोष्टीशी हळूहळूच सलगी करतात. उरलेली मिश्र. माझा त्या पंधरांतला. त्यांचं म्हणणं असं की मूल कसं पुढे जातं हे नुसत्या त्याच्या स्वभावावर ठरत नाही. तो स्वभाव आणि आजूबाजूच्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो का, त्यावर बरंच अवलंबून असतं. माझ्या घरात आई बोलकी आणि मूल अबोल, तुझ्या घरात उलटं. मेळ दोन्हीकडे बसवावाच लागतो, आणि तो मोठ्यानंच बसवायचा. पाच वर्षांचं पोर कुठून बसवणार?

तुझं नशीब एका बाबतीत माझ्यापेक्षा चांगलं आहे. तुझ्याकडे आत्या आहेत. पोरीला गर्दी, गप्पा, कट्टा हवा ना? तो आजीकडून मिळू दे. सहा वाजता तिला आजीबरोबर कट्ट्यावर पाठव आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आईनंच सगळं पुरवायचं हे कुणी सांगितलं? आमच्या लहानपणी न्हाऊ एक घालायची, जेवायला दुसरी वाढायची, गोष्ट तिसरी सांगायची. त्या वेळात मशीन बंद, फोन बंद. चहा घे, एकटी बस. चक्क काही करू नकोस.

आणि सात वाजता बटणांचा डबा काढ. तू पत्रात तो जाता जाता लिहिलास, शांततेची सोय म्हणून. मला तर अख्ख्या पत्रातली ती सगळ्यात मोठी गोष्ट वाटली. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी पोर तुझ्याच शेजारी येऊन गप्प बसते, कट्ट्यावर नाही, आजीजवळ नाही. तिलाही निवांत जागा लागते आणि ती तिला तुझ्याजवळ सापडली आहे. तिथेच तिला गुरू कर. लाल बटणाला कानडीत काय म्हणतात, सुईला काय, दोऱ्याला काय, तिलाच विचार. रोज पाच शब्द. "एन माडाकत्ती?" म्हणजे 'काय करतेस?', एवढं जरी कट्ट्यावर टाकलंस तरी बायका सरकून जागा देतील. चुकलीस तर हसतील, हसू देत. पोरीची बडबडही कामी लागेल आणि तुला उत्तर सुचायला वेळ मिळेल.

आत्यांशी 'घुमी' या शब्दावरून भांडू नकोस. त्यांच्या पिढीत असे शब्द दाणे टाकावेत तसे टाकले जायचे. मला काचतं ते पुढचं, 'तू माझ्यावर गेल्यास.' त्यात पोरीला एक बाजू घ्यायला लावलंय. आत्या एकट्या असताना सांग, "मला काय म्हणायचं ते म्हणा, पण तिच्यासमोर नको." मी माझ्या मुलाला सगळ्यांदेखत 'बुजरा' म्हणत आले. आता चाळिशी ओलांडली तरी दुकानात माल परत करायची वेळ आली की बायकोला पुढे करतो आणि म्हणतो, मी बुजरा आहे ना. तो शब्द मी दिलेला.

शेवटचं, आणि हे टाळू नकोस. रोज रडू येणं, झोप उडणं, जेवणावरची वासना जाणं, शिवणाचाही कंटाळा येणं, असं दोन आठवडे सलग चाललं असेल तर त्याला स्वभाव म्हणू नकोस. डॉक्टरांना दाखव. घराबाहेर पडणं जमत नसेल तर 14416 हा सरकारी टेलिमानस नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : मुलीसाठी स्थळ आलं आहे. मुलगा बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये. पत्रिकेत 36 पैकी 24 गुण जुळतात. आता मुलाचं म्हणणं, मुलीनं ती चार अक्षरांची चाचणी द्यावी. दिली, तर म्हणतो दोघांची अक्षरं उलटी आहेत, पुढे मुलांच्या संगोपनात खटके उडतील. काय करावं?
— एक वडील, निपाणी

उत्तर : आधी राशी-नाडी बघत होतो, आता इंग्रजी नाडी आली. भाऊ, वर लिहिलेली ती इझाबेल, जिनं ही प्रश्नावली केली, तिनं स्वतः आपल्यापेक्षा वेगळ्या स्वभावाच्या माणसाशी लग्न केलं होतं. एवढं त्या मुलाला कळवा.

खटके स्वभावानं कमी उडतात, रात्री दोनला रडणाऱ्या पोराला कोण उचलणार यावरून जास्त. मुलाला विचारा, आई आजारी पडली तेव्हा घरात भात कुणी लावला? पैसे कमी पडले तेव्हा आधी कुणाला सांगितलं? दोघांना मोठ्यांशिवाय दोन-तीनदा भेटू द्या, त्यातली एक भेट निपाणीत तुमच्या घरी, पाहुण्यांच्या गर्दीत ठेवा.

आणि एक राहिलंच. तुमचं पत्र दोन पानी आहे. पत्रिका आहे, पगार आहे, अक्षरं आहेत. मुलीला मुलगा पसंत आहे का, हे कुठेच नाही. पुढचं पत्र तिला लिहायला सांगा.